निळ्या लॉटमधली लाल लोकर

जिवंत माणसाचे जुने कपडे बोळा होऊन येतात. रंग उडाला, घट्ट झाला, नुसता कंटाळा आला, की माणूस शर्ट काढतो आणि पिशवीत कोंबतो. एक बाही उलटी, कॉलरचा मळ तसाच. मेलेल्या माणसाचे कपडे घडी होऊन येतात. त्याच्या मागे राहिलेलं कोणीतरी ते शेवटचे धुतं, इस्त्री फिरवतं, काही दिवस कपाटात ठेवतं, पुन्हा काढतं आणि मग घडी न मोडता देऊन टाकतं. तान्ह्या मुलांच्या कपड्यांना मात्र हा नियम लागू नाही. ते नेहमीच घडी होऊन येतात, कारण पोर वाढलं तरी ते कपडे कोंबायला आईचा हात धजत नाही. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. टॉवेलच्या गिरणीत निवडणीच्या टेबलाशी बसणाऱ्या बायकांना ते ठाऊक असतं, आणि बाहेर त्या फारसं बोलत नाहीत. ऐकणारा घरी जाऊन आधी आपलं कपाट उघडतो, आणि मग उगाच त्यांच्यावर चिडतो.

त्या टेबलाशी दोन सख्ख्या जावा कामाला होत्या. धाकटी गासड्या फोडायची. दाबून, पट्ट्या मारून आलेले जुन्या कपड्यांचे ते ठोकळे सोडायचे आणि एकेक कपडा रंग बघून ढिगावर टाकायचा, हे तिचं काम. थोरली निळ्या ढिगाशी बसून बटणं, चेनी, कमरेचे पट्टे कापून काढायची. घरीही दोघी एकाच छपराखाली राहायच्या. थोरलीचा नवरा वारलेला, आणि धाकटीचा कायम रात्रपाळीला मागावर, म्हणजे असून नसल्यासारखा. "तुझा नवरा संसार मागाशी करतो गं," थोरली म्हणायची, "तुझ्याकडे नुसता जेवायला येतो."

ही जुन्या कपड्यांची भानगड गिरणीत अलीकडची. आधी तिथे सरळ कापसाचे टॉवेल निघत. पण कापूस पिकवायला पाणी लागतं, रंगवायला आणखी लागतं, आणि ज्या नदीच्या जिवावर हे सगळं चाललं होतं ती आटत चालली होती. शेवटी रंगखात्याला कुलूप लागलं. मग मालकांनी एक शिकलेली बाई आणली. तिच्या बोटांत सदा कुठला तरी धागा गुंडाळलेला असे, म्हणून सगळे तिला धागाबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. कमी पाण्यात होईल असं काहीतरी शोधायचं, हे तिचं काम. तिने आधी केळीच्या खोडाचा धागा आणला. पहिला टॉवेल वापरून बघायला मुकादमणीला दिला, तर ती दुसऱ्या दिवशी म्हणाली, "छान आहे बाई. कढई अगदी लख्ख निघाली." मग बांबूचा आला. तो लोण्यासारखा मऊ होता, पण तेवढा मऊ व्हायला त्याला कसकसल्या रसायनांत शिजवावं लागतं ते कळल्यावर धागाबाईनेच नाक मुरडलं. जवसाच्या काडीचा धागा चिवट निघाला, भराभर वाळणारा, पण नुसत्या त्याचा टॉवेल अंगाला पुठ्ठ्यासारखा लागे.

शेवटी ती जुन्या कपड्यांवर येऊन थांबली. फाडून पिंजलेल्या कपड्यांचे तंतू आखूड असतात, त्यांचं एकट्याने सूत धरत नाही. म्हणून त्यांच्यात जवसाचे लांब तंतू आधाराला घालायचे. रंगवायची गरजच नाही. निळे कपडे निवडले की निळा टॉवेल, हिरवे निवडले की हिरवा. पहिला मोठा लॉट निळा धरला होता. तो गिऱ्हाइकाला पसंत पडला तर माग चालणार, नाही तर रंगखात्याच्या कुलपाशेजारी दुसरं कुलूप. सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला होता.

थोरलीचा जीव टांगलेला होता तो मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून, आणि एका खुंटीवर. त्यांच्या न्हाणीघराबाहेर टॉवेलच्या खुंट्या होत्या, ज्याच्या त्याच्या उंचीला. सगळ्यांत वरची लांब्याची. लांब्या म्हणजे थोरलीचा मुलगा. दारातून आत येताना मान वाकवायचा म्हणून लांब्या. एका भांडणात बाप त्याला म्हणाला होता, पुन्हा या घरात तोंड दाखवू नकोस. बाप लोक हे वाक्य ऊठसूट बोलत असतात. लांब्याने ते एकदाच मनावर घेतलं आणि गेला. पुढे बाप वारला, तर कळवायला पत्ताही नव्हता. खुंटीवर त्याचा टॉवेल राहिला. थोरली तो दर सुट्टीला धुवायची, वाळवायची, परत तिथेच लावायची, आणि आता तो इतका विरला होता की आरपार उजेड दिसे. धाकटीला मूल नव्हतं. लांब्या तिच्याही अंगाखांद्यावर वाढला होता, आणि आईकडे मागायला लाजायचा ते सगळं काकूकडे मागायचा. त्या खुंटीखालून जाताना तीही वर न बघता जायची.

त्या दिवशी गासडीतून एक कापडी पिशवी निघाली. तोंडाशी नाडी घट्ट बांधलेली. धाकटीने नाडी सोडली, वरचा शर्ट काढला. इस्त्रीची घडी, कडा कडेला लावलेली. "सुटला बिचारा," ती सवयीने पुटपुटली. असा कपडा निघाला की टेबलाशी कोणीतरी हे म्हणायचंच. निळा होता म्हणून तिने तो निळ्या ढिगावर फेकला. वाऱ्यावर घडी मोडली, आणि शर्ट थोरलीपुढे पसरून पडला, खिसा वर. खिसा हिरव्या दोऱ्याने शिवलेला होता.

तो हिरवा दोरा धाकटीनेच दिला होता. खिसा उसवलेला, घरात निळं रीळ संपलेलं, आणि लांब्या दारात घाई करत उभा. "खिशाकडे कोण बघतंय," ती म्हणाली होती. लांब्या तो शर्ट घालायचा आणि दरवेळी कुरकुर करायचा.

थोरलीने कात्री खाली ठेवली. शर्ट उचलून तिने आधी खिशावरून बोट फिरवलं, मग शर्ट उलटा केला, आणि टेबलाशी बसून रोज अनोळखी माणसांचे कपडे वाचायची तसा तो वाचायला लागली. "पोटावरचं बटण बघ," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एखाद्या पोरीसारखा झाला होता. "सरकवलंय. अंगाने भरलाय गं तो. आणि हे टाके माझे नाहीत. पांढरा दोरा, बारीक टाका, आत गाठ लपवलेली. बायकोचा हात आहे हा. नीटस पोरगी आहे." मग तिने मान वर केली. "कसा आला होता? बोळा की घडी?"

टेबलावरच्या सगळ्या कात्र्या थांबल्या. मुकादमीण समोरच बसली होती. तिने घडी बघितली होती. तिने धाकटीकडे एकदा पाहिलं आणि मग आपल्या हातातल्या बटणाकडे बघत राहिली.

धाकटीचा एक हात अजून पिशवीत होता. बोटांखाली दुसरी घडी होती, तिच्याखाली तिसरी. "बोळा," ती म्हणाली. "चांगला कोंबलेला होता. एक बाही उलटी." बाहीचं कोणी विचारलं नव्हतं. खोटं बोलणारा माणूस एक तपशील नेहमी जास्तीचा देतो.

"वेंधळा मेला," थोरली म्हणाली. "लहानपणापासून बाही उलटीच टाकायचा." ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "आणखी काही आहे त्यात?"

"नाही जाऊबाई. शर्ट तेवढाच."

आता पिशवी नाहीशी करायला हवी होती. मागे फाडणीचं यंत्र होतं. बायका त्याला दाताडी म्हणत. कपडे एका पट्ट्यावरून सरकत जात आणि खिळ्यांच्या रुळांखाली त्यांचा पिंजून कापूस होई. दाताडीत न कापलेला, न उलगडलेला, खिसे न तपासलेला कपडा टाकायचा नाही, हा तिथला पहिला नियम, आणि नव्या बायकांना तो ओरडून ओरडून शिकवायची ती धाकटीच. तिने पिशवी टोपलीत कापलेल्या निळ्या कपड्यांखाली सारली, उठली, आणि टोपली पट्ट्यावर उपडी केली. उचलताना पिशवीतल्या पँटची घडी जरा फुगीर लागली होती. आत काहीतरी मऊ गुंडाळलेलं होतं. हे तिला नंतर आठवलं, किंवा तेव्हाच कळलं होतं आणि तिने हाताचं ऐकलं नाही.

पट्टा हादरत पुढे सरकला. पँटची घडी सुटली. तिच्यातून एक लाल बाही बाहेर आली. लोकरीची, हाताने विणलेली, टोकाला उलट्या टाक्यांची पट्टी, आणि एवढीशी.

थांबवायची दोरी धाकटीच्या खांद्याशी लोंबत होती. तिने ती मुठीत धरलीही. ओढली असती तर दाताडी थांबली असती, आणि काय अडकलं ते बघायला टेबलावरच्या सगळ्या धावत आल्या असत्या. सगळ्यांत आधी थोरली आली असती. तिने दोरी धरून ठेवली आणि ओढली नाही. लाल बाही रुळाखाली गेली. मग पँटची चेन कडकडली.

"चेन कोणाची राहिली गं?" मुकादमीण ओरडली.

"माझीच," धाकटी म्हणाली.

त्या दिवसापासून थोरली पालटली. शर्ट तिला घरी नेऊ दिला. तिने तो धुतला नाही, खुंटीवर त्याच्या टॉवेलशेजारी लावला. भिंतींना चुना काढला. वाण्याकडे, दळणाला, नळावर, जो भेटेल त्याला सांगितलं की पोराने संसार मांडलाय, तब्येत सुधारलीय, आता राग गेला की येईलच. जेवताना धाकटीला म्हणायची, "सुनेला माझं तिखट झेपेल ना गं?"

गिरणीत कपड्यांचं बारीक तूस उडतच असतं. घरी आल्यावर केस विंचरायचे, कपडे झटकायचे, की निळी धूळ खाली पडते. त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण धाकटीला आता निळ्यात लाल दिसायला लागलं. फणीच्या दातात एक तंतू. उशीवर एक. ताटाच्या कडेला एक. तो तिने बोटाने पुसला, आणि पाणी प्यायला भांडं उचललं तर भांड्याच्या काठावर दुसरा. दाताडीशी उभी असताना मागून कोणीतरी कपड्याला धरून ओढल्यासारखं होई, खालून, गुडघ्याच्या उंचीवरून. ती वळायची. पट्ट्याच्या कडेला कपडा अडकलेला असायचा. तो सोडवून झाल्यावरही खालीच बघत ती उभी राहायची.

लॉट विणून आला. एका रंगाच्या लॉटमध्ये दुसऱ्या रंगाचं एक पायपुसणं जरी गेलं, तरी सगळ्या मालावर ते उमटतं. निळ्या टॉवेलांवर बारीक लाल ठिपके होते, हातभर कापड त्यावाचून नव्हतं. धागाबाई एक टॉवेल घेऊन टेबलाशी आली. ती ओरडली नाही. "लाल कुठून आलं?" एवढंच तिने विचारलं. मुकादमणीने पुन्हा आपल्या बटणांत डोकं घातलं.

ठरलेल्या दिवशी गिऱ्हाईक आलं. त्याने टॉवेल खिडकीशी नेला, पालथा केला, पाण्यात बुडवला, पिळला. मग म्हणाला, "हे लाल ठिपके मुद्दाम टाकलेत ना? मला सगळा माल असाच हवा." धागाबाई पापणीही न हलवता हो म्हणाली. माग वाचले. आणि यापुढे दर निळ्या लॉटमध्ये मूठभर लाल लोकर टाकायचं काम धाकटीकडे आलं, कारण त्या लॉटची दाताडी तिने भरली होती. "तुझ्या हाताला यश आहे," धागाबाई म्हणाली. मुलांचे लाल कपडे वेगळे काढून ठेवलेले असत. धाकटी प्रत्येक उलगडून बघायची, दोन्ही बाह्या सरळ करायची, आणि मग डोळे मिटून टाकायची.

त्या पहिल्या लॉटमधला एक टॉवेल थोरली घरी घेऊन आली. विरलेला जुना उतरवला, नवा सगळ्यांत वरच्या खुंटीवर लावला. नवा टॉवेल पाणी पीत नाही; त्याला धुवून धुवून वळण लावावं लागतं. म्हणून दर सुट्टीला ती तो मागच्या अंगणात घेऊन बसायची. लांब्या येईल तेव्हा टॉवेल तयार असायला हवा होता.

अशीच एक सुट्टीची दुपार. धाकटी पायरीवर धान्य निवडत होती. थोरलीने ओल्या टॉवेलमधला एक लाल ठिपका नखाने उपसला आणि दोन बोटांत फिरवला.

"लोकर आहे," ती म्हणाली. "आणि बाळाची. मोठ्यांना इतकी मऊ कोणी वापरत नाही. ज्या कोणी विणलं असेल तिने चांगली निवडून आणली असेल बघ." तिने तो तंतू उन्हात धरला. "कोणाचं असेल गं हे पोर?"

धाकटीच्या हातातलं ताट कलंडलं. धान्य पायऱ्यांवरून खाली गेलं आणि ते गोळा करायला ती वाकली नाही. "घडी होती," ती म्हणाली. "शर्टाची घडी होती जाऊबाई. इस्त्री केलेली. अख्खी पिशवी होती त्याच्या कपड्यांची, सगळी घडी घातलेली. मी दाताडीत टाकली. त्यात ही लाल बाही होती. मला दिसली आणि मी दोरी ओढली नाही."

टॉवेलचं पाणी थोरलीच्या पायांवर गळत होतं.

"घडी होती तर घडी म्हणायचं," ती शेवटी म्हणाली. "मी काय मेले असते?"

"मला वाटलं, तुम्हाला—"

"तुला वाटलं. माझी दया आली तुला. मी मागितली होती?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि धाकटीला तेच सोसवत नव्हतं. "पिशवीवर काहीतरी असेल. दुकानाचं नाव, गावाचं नाव. लोक पिशव्या काय कोऱ्या शिवून घेतात?"

"असेल."

"तू बघितलंस?"

"नाही."

थोरलीने टॉवेल पिळला. सगळं पाणी गेलं तरी पिळत राहिली. मग विचारलं, "बाही केवढी होती?"

धाकटीने आपला तळहात पुढे केला आणि मनगटापासून मधल्या बोटाच्या पेरापर्यंत दाखवलं. थोरलीने तो हात धरला, ती जागा आपल्या बोटांनी मोजली आणि हात सोडून दिला.

त्यानंतर बरेच दिवस ती धाकटीशी बोलली नाही. कामाला दोघी एकत्र जायच्या, एकत्र यायच्या, ताट झाकून ठेवलेलं असायचं, आणि बोलणं नाही. मग एके सकाळी थोरलीने खुंटीवरचा शर्ट काढला. स्वतः धुतला, उन्हात घातला, इस्त्री केली. धाकटी दाराआडून बघत होती. थोरलीने शर्टाची घडी घातली, कडा कडेला लावून, हिरवा खिसा वर ठेवून, आणि कपाटात ठेवली. ते बघून धाकटी खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. लांब्या गेला, हे तिला इतके दिवस माहीत होतं, पण त्याच्यासाठी रडायची सोय तिने स्वतःच बंद करून टाकली होती.

त्याच दुपारी न्हाणीघराबाहेरून हाक आली.

"खिळा धर."

थोरलीच्या हातात हातोडी होती. लांब्याची खुंटी तिने उपटून काढली होती. वर नुसतं भोक दिसत होतं. धाकटीने खिळा घेतला. "कुठे?"

"खाली. आणखी खाली." थोरलीने आपल्या मांडीशी हात लावून उंची दाखवली. "तो लाल स्वेटर आखूड झाला म्हणून काढून ठेवला असणार. म्हणजे पोर आता चालत असेल, हात वर करून टॉवेल ओढत असेल."

"मुलगा असेल की मुलगी?"

"टॉवेलला काय फरक पडतो?"

तान्ह्या मुलांच्या कपड्यांच्या घडीवरून काही कळत नाही, हे दोघींना माहीत होतं. काही कळत नाही म्हणजे दुसरंही काही असू शकतं, हेही दोघींना माहीत होतं. धाकटीने खिळा धरला आणि थोरलीने तो ठोकला, आणि निळा टॉवेल तिथे लावला. त्याची खालची कड जमिनीला टेकत होती, म्हणून तिने तो दुहेरी घातला.

आता त्या भिंतीत एकावर एक भोकं आहेत. दर वर्षी चुना काढायच्या दिवसांत थोरली खिळा उपटते आणि थोडा वर ठोकते. जुनी भोकं बुजवू का, असं धाकटीने एकदा विचारलं होतं. पुन्हा विचारलं नाही. टॉवेल धुवून धुवून आता पाणी चांगलं पितो. त्याने अजून कोणी अंग पुसलेलं नाही. गिरणीत निळे लॉट निघत असतात, धाकटी त्यांत मूठभर लाल टाकत असते, आणि नव्या गासडीतून कुठलीही पिशवी निघाली की आत हात घालायच्या आधी ती तिच्या चारी बाजू उजेडात धरून बघते.

यंदाही तिने खिळा धरला. मागच्या भोकापासून चार बोटं वर, एका वर्षात पोर वाढतं तेवढं. थोरलीने हातोडी उचलली, आणि मग थांबून भिंतीकडे नीट बघितलं.

"अगं, लांब्याचं पोर ते," ती म्हणाली. "दोन बोटं आणखी वर धर."